रिस्टार्ट मारला, तिकीट बंद!

सर्व्हर क्रॅश झाला की मला तेवढा राग येत नाही. राग येतो तो नंतर तिकिटावर पडणाऱ्या शेऱ्याचा: "रिस्टार्ट केला, आता ठीक आहे." अरे, काय ठीक आहे? ताप उतरला म्हणजे मलेरिया गेला का?

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर हा काही साधा प्रोग्रॅम नाही राव. तो कर्नलच्या आत बसतो. ब्राउझर बोंबलला तर फार तर ब्राउझर बंद होतो. ड्रायव्हरने भलत्याच पत्त्यावर लिहिलं तर अख्खं मशीन आडवं! त्यातून असल्या चुका बऱ्याचदा ट्रॅफिक वाढल्यावरच उघड्या पडतात. मग रिस्टार्टनंतर थोडा वेळ सगळं शांत दिसणारच की.

बरं, तपासाला लागतं काय? केडम्प आधीच चालू असेल तर कर्नल मरतानाची मेमरी डिस्कवर उतरते. इथटूल ड्रायव्हरची आणि फर्मवेअरची आवृत्ती सांगतं, ऑफलोड बंद करून पाहता येतं. विंडोजवर ड्रायव्हर व्हेरिफायर आहेच. यातलं काहीही विकत आणावं लागत नाही.

दुसरं टोकही तितकंच वाईट: डम्पमध्ये ज्याचं नाव दिसलं त्याला फाशी! २००८ चं प्रकरण बघा. लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांवर इंटेलची काही गिगाबिट कार्डं निकामी व्हायला लागली. त्यांची सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात ती एनव्हीएमच खराब होत होती. साहजिकच संशय ई१०००ई या ड्रायव्हरवर. ऑक्टोबरमध्ये खरा चोर सापडला तो डायनॅमिक एफट्रेस, म्हणजे कर्नलमधल्या फंक्शन्सचा माग काढणारी सोय! मोड्यूलच्या सुरुवातीच्या कोडची मेमरी मोकळी झाली तरी ती तिथे लिहायला जायची, आणि तोवर तेच पत्ते कार्डाच्या फ्लॅशला मिळालेले असायचे. २.६.२७.१ मध्ये ती सोय बंद केली. ड्रायव्हरनेही एनव्हीएमला लेखनबंदी घातली.

तेव्हा कुणी नुसता मदरबोर्ड बदलून तिकीट बंद केलं असतं, तर नवाही त्याच वाटेने गेला असता.

"वेळ नाही" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: डम्प आणि आवृत्ती नोंदवल्याशिवाय तिकीट बंद करू नका. नाहीतर पहाटे तीनचा पुढचा फोन तुम्हालाच येणार आहे, मॅनेजरला नाही!