गळती कळेल, पण बदलायला पिशवी हवी ना!

पोटावर लावलेली पिशवी गळू लागली की मोबाइलवर सूचना देणारा सेन्सर परदेशात वापरात आला आहे. ‘ही श्रीमंतांची चैन, आपल्याला काय त्याचे’ असे म्हणून हे पान उलटू नका. आपल्या वस्तीतही अशी पिशवी लावून जगणारी माणसे आहेत. ती सांगत नाहीत, म्हणून आपल्याला माहीत नसतात.

आतड्याचा कॅन्सर, टायफॉइडने आतड्याला पडलेले छिद्र, आतड्याचा टीबी, अपघातात पोटाला झालेली इजा, किंवा जन्मतःच बाळाला गुदद्वार नसणे, अशा कारणांनी डॉक्टरांना आतड्याचे तोंड पोटावर काढावे लागते. त्याला स्टोमा म्हणतात. कोणाला तो काही महिन्यांपुरता असतो, कोणाला जन्मभर. मळ तिथून पिशवीत जमा होतो. मूत्राशय काढावे लागले तर लघवीसाठीही असाच मार्ग करतात. अस्वच्छ पाणी आणि दाटीवाटीची घरे यांतून पसरणारे टायफॉइड व टीबी आपल्या वस्त्यांना नवे नाहीत. म्हणजे हा विषय आपलाच आहे.

पिशवी पोटाला धरून ठेवणारी एक चिकट चकती असते. हॉस्पिटलात तिला फ्लँज म्हणतात. चकतीखाली मळ झिरपला की गळती सुरू होते. लहान आतड्याच्या स्टोमातून येणारा मळ पातळ असतो आणि त्यात अन्न पचवणारे रस असतात. ते कातडीला लागले की कातडी सोलवटते. ओल्या, सोललेल्या कातडीवर नवी चकती नीट चिकटत नाही, म्हणून पुन्हा गळते. यापेक्षा मोठी असते ती भीती. लोकलमध्ये, कामावर, लग्नात, विहारात कपड्यावर डाग पडेल का, वास येईल का? या भीतीने माणूस जेवण कमी करतो, रात्री दचकून उठतो आणि हळूहळू घरातच बसतो.

ही भीती कमी करण्याची खटपट ज्यांनी केली त्यांत ब्रिटनमधील मायकेल सेरेस हे स्वतः रुग्ण होते. बाराव्या वर्षी त्यांना क्रोन्स हा आतड्याचा आजार असल्याचे निदान झाले. २०११ साली ऑक्सफर्ड येथे त्यांच्यावर लहान आतड्याचे प्रत्यारोपण झाले आणि पोटाला पिशवी लागली. ती कधी भरते ते कळत नसे. तेव्हा त्यांनी वाकले की संकेत देणारा एक सेन्सर पिशवीवर बसवला. पिशवी फुगली की सेन्सर वाकायचा आणि ब्लूटूथने फोनला कळवायचा. सेरेस २०२० साली वारले. पुढचे पाऊल कोलोप्लास्ट या डॅनिश कंपनीच्या ‘हेलो’ नावाच्या साधनाने टाकले. त्यात चकतीखाली सेन्सरचा पातळ थर बसतो. ओल त्या थरापर्यंत पोचली की छोटे यंत्र फोनवर सूचना पाठवते. मळ चकतीबाहेर येऊन कपड्याला लागण्याआधीच माणसाला कळते आणि पिशवी बदलायला वेळ मिळतो.

माझ्या मते या वेळेची गरज बंगल्यात राहणाऱ्यापेक्षा चाळीतल्या, झोपडीतल्या माणसाला अधिक आहे. ज्याच्या घरातच बाथरूम आहे त्याला पाच मिनिटे पुरतात. ज्याला सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहायचे आहे, ज्याच्या नळाला ठरावीक वेळीच पाणी येते आणि एका खोलीत सहा माणसे राहतात, त्याला तासभर आधी कळले तरच उपयोग. म्हणून या तंत्रज्ञानाला नाक मुरडू नये.

पण सूचना मिळून करायचे काय? बदलायला दुसरी पिशवी घरात नसेल तर फोन वाजून काय उपयोग? इंग्लंडमध्ये कायमचा स्टोमा असलेल्याला सरकारी आरोग्यसेवेतून पिशव्या पैसे न देता मिळतात. सेन्सर आला तो या पायावर. आपल्याकडे ऑपरेशन सरकारी योजनेत झाले तरी घरी आल्यावर दर महिन्याचा पिशव्यांचा खर्च बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो. मग एकच चकती ओढूनताणून चालवली जाते. कोणी साधी प्लास्टिकची पिशवी बांधते, कोणी फडके. गळतीचे मूळ इथे आहे. ते सेन्सर लावून जाणार नाही.

तोवर सेन्सर जे सांगतो त्यातले बरेचसे आपले डोळे आणि बोटे सांगू शकतात. चकतीखाली खाज किंवा जळजळ होत असेल तर आत ओल गेली आहे असे समजा आणि चकती बदला. वरून पट्टी मारून वेळ काढू नका. काढलेली चकती फेकण्याआधी उलटी करून पाहा. ज्या बाजूला ती विरघळलेली, मळलेली दिसेल त्या बाजूने गळती होते. ते नर्सला दाखवा. ऑपरेशननंतर पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्या. चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे ठेवा. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा. कातडी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. डेटॉल, तेल, पावडर लावू नका. स्टोमा काळा-निळा पडला, रक्त थांबेना, किंवा पोट दुखून उलट्या होत आहेत आणि पिशवीत काहीच येत नाही, असे झाले तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांसाठी काम करणारी संस्थाही मुंबईतच आहे. तिथे विचारायला लाजू नका.

आणि घरातल्या माणसांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पिशवी लावलेल्या बाईचे ताट वेगळे, अंथरूण वेगळे, स्वयंपाकाला हात नको, असे जिथे चालते तिथे विटाळच पाळला जातो. विटाळ काय असतो हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसले आहे. तो आपल्याच घरात आपल्याच माणसावर लादायचा नाही. स्टोमा संसर्गजन्य नाही. हात धुतले की पुरे.

मागणीही नेमकी करायला हवी. स्टोमाच्या प्रत्येक रुग्णाला सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयातून दरमहा पुरेशा पिशव्या मोफत मिळाव्यात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्टोमाचे प्रशिक्षण घेतलेली नर्स असावी. सार्वजनिक संडासात निदान एका खोलीला धड कडी, आत नळ आणि सामान ठेवायला फळी असावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नावे आहेत, त्यांत स्टोमाचे नाव नाही. ते घालावे.

हे अर्ज नगरसेवकाकडे, आमदाराकडे आपल्या मंडळांच्या आणि महिला मंडळांच्या सह्यांनी जावेत. एकट्या रुग्णाला लाज वाटते, दहा जण सोबत गेले की वाटत नाही. सेन्सरही मागू, आणि तोही मोफतच मागू. पण आधी पिशवी, पाणी आणि कडी लागणारे दार.