जुन्या मोटारीचा गंजलेला सांगाडा

वडिलोपार्जित वस्तूंची यादी करूं लागलें असतां पूर्वीं पितळेचीं भांडीं, शिसवी पेट्या आणि पोथ्यांचीं गाठोडीं एवढींच डोळ्यांपुढें येत. आतां कित्येक घरांत त्या यादींत एका जुन्या मोटारगाडीचीही भर पडली आहे. आजोबांनीं नंबर लावून, वर्षानुवर्षें वाट पाहून घेतलेली फियाट अथवा पद्मिनी अंगणांत ताडपत्री पांघरून उभी असते. तिला मोडींत घालण्यास कोणाचें मन धजत नाहीं आणि रस्त्यावर काढण्यास कोणाचा हात पुढें होत नाहीं. अशा गाडीचें एंजिन पुन्हां चालू करणें फारसें अवघड नसतें. खरा प्रश्न असतो तो तिच्या गंजलेल्या सांगाड्याचा. हें काम घरच्या घरीं करूं इच्छिणाऱ्या हौशी मंडळींसाठीं त्याविषयीं चार उपयुक्त गोष्टी आज सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

ही गाडी मूळची इटलीची. फियाट कंपनीनें १९५३ सालीं '११००/१०३' हा नमुना बाजारांत आणला. त्याच घराण्यांतील गाड्या पुढें शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनें मुंबईस कुर्ला येथील कारखान्यांत तयार केल्या. १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनें दीर्घकाळ सेवा केली, आणि २००३ सालीं नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती त्या सेवेंतून निवृत्त झाली.

तिच्या रचनेंतील एक गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. जीप किंवा मालमोटार यांस खालीं लोखंडी तुळयांची स्वतंत्र चौकट असते व बॉडी तिच्यावर बसविलेली असते. आपल्या जुन्या वाड्यांत खांब-तुळया भार घेतात, मधली भिंत ढासळली तरी वाडा उभा राहतो, तसाच हा प्रकार. फियाटमध्यें अशी निराळी चौकट नाहीं. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ उंबरठे, खांब आणि छत हीं सर्व एकत्र जोडूनच तिचा सांगाडा बनतो. म्हणून दाराखालचा उंबरठा सडला तर घराची तुळई सडली असें समजावें.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु यांचा संयोग. पाण्यांत मीठ असलें म्हणजे हा व्यवहार फार वेगानें चालतो. म्हणून मुंबई, रत्नागिरी, मालवण येथील गाडी पुण्या-सोलापुरच्या गाडीपेक्षां लवकर खंगते. पत्र्याच्या बाहेरच्या अंगास लागलेला गंज डोळ्यांस दिसतो, त्याचें भय थोडें. खरें भय पोकळ भागांच्या आंतील गंजाचें. उंबरठ्याच्या बुडाशीं पाणी निथळून जाण्यासाठीं लहान भोंकें ठेवलेलीं असतात. तीं चिखलानें बुजलीं कीं आंत पाणी सांचतें, धूळ ओली राहते आणि पत्रा आंतून बाहेर खाल्ला जातो. वाळवी लागलेली तुळई जशी वरून गुळगुळीत दिसते आणि बोट लावतांच तिचा भुगा होतो, तशीच येथें स्थिति. बाहेर रंगावर फोड दिसेपर्यंत आंतील बराच धातु गेलेला असतो. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळें पत्र्यांचे सांधे फुगून उकलतात, हीही एक खूण होय. घट्ट प्लॅस्टिकचें आच्छादन घालणाऱ्यांनीं विशेष सावध राहावें. आंत दमट हवा कोंडून राहिल्यानें त्याचा लाभापेक्षां तोटाच अधिक होतो.

परीक्षेसाठीं गाडी सपाट व टणक जमिनीवर घ्यावी आणि पायाखालच्या चटया व जाजमें सर्व काढावीं. लहान हातोडीनें ठोकीत जावें: निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद आवाज करतो. संशय येईल तेथें जुना स्क्रू-ड्रायव्हर जोरानें रोवून पाहावा. तो आंत शिरला तर हळहळूं नये. भोंक तेथें होतेंच, तें आपणांस आतां दिसलें एवढेंच. पातळ फडक्यांत गुंडाळलेलें लोहचुंबक रंगावरून फिरवावें. जेथें तें चिकटत नाहीं तेथें रंगाखालीं लांबी किंवा फायबर भरलेलें असण्याचा फार संभव. उंबरठ्यांचीं दोनही टोकें, जॅक लावण्याच्या जागा, खांबांचे पाय, पुढील चाकांच्या आंतील बाजू आणि मागील पाट्यांच्या स्प्रिंगा जेथें टेकतात त्या जागा अवश्य पाहाव्या. शेवटीं दाराच्या कडेची फट मोजून ठेवावी व जॅकनें गाडी उचलल्यावर पुन्हां मोजावी. फट बदलली अथवा दार अडूं लागलें तर सांगाडा लवत आहे, हें निश्चित.

यानंतर घरांतील सर्वांनीं मिळून एक निर्णय घ्यावयाचा असतो: काय आपण करावयाचें आणि काय कारागिराकडे सोंपवावयाचें. आमचें मत असें कीं, खरवडणें, तपासणें, पुठ्ठ्याचे नमुने कापणें, नवा पत्रा वांकविणें, रंग व मेण देणें हीं कामें कोणत्याही नीटनेटक्या माणसास करतां येतील. तळाच्या पत्र्याचीं लहान भोंकें बुजविण्याचें कामही, ज्यानें भंगारांतील पत्र्यांवर महिना-दोन महिने वेल्डिंगचा हात बसविला आहे, त्यानें करण्यास हरकत नाहीं. परंतु चाकें व स्टिअरिंग जेथें जोडलेलीं असतात त्या जागा, खांबांचे पाय, आणि दोनही बाजूंचे उंबरठे एकदमच गेलेले असतील तर ते, हें काम कसलेल्या माणसाचें. तेथें पैसे वांचविणें म्हणजे मागील आसनावर बसणाऱ्या आपल्याच मुलाबाळांच्या जिवावर काटकसर करणें होय.

घरीं काम करावयाचें ठरलें तर कांहीं नियम मोडूं नयेत. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखालीं कधींही शिरूं नये. भक्कम स्टँड लावावे, आणि तेही सडलेल्या उंबरठ्याखालीं न लावतां निरोगी जागीं लावावे. पेट्रोलची टाकी काढून दूर न्यावी. रिकामी टाकी, आंतील वाफेमुळें, भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते. बॅटरी सोडवावी. जवळचा कापूस, रबर व डांबरी लेप काढून टाकावा, अग्निशामक नळकांडें हाताशीं ठेवावें आणि एक जाणता माणूस पहाऱ्यास बसवावा. काम संपल्यावरही तासभर लक्ष ठेवावें, कारण ठिणगी आंतल्या आंत धुमसत राहते. क्लोरिनयुक्त द्रावकानें पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास अत्यंत विषारी वायु उत्पन्न होतो, आणि जस्ताच्या धुरानें ताप भरतो. म्हणून अशीं द्रावकें वापरूं नयेत, वेल्डिंगच्या जागेवरील जस्त आधीं घांसून काढावें, व काम मोकळ्या हवेंत करावें. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें, तेव्हां घांसतांना मुखवटा लावावा आणि मुलें व गरोदर स्त्रिया यांस तेथें फिरकूं देऊं नये. वेल्डिंगची ज्योत उघड्या डोळ्यांनीं कोणीही पाहूं नये.

आतां प्रत्यक्ष काम. उंबरठा कापण्यापूर्वीं दाराच्या चौकटींत आडवी लोखंडी नळी तात्पुरती जोडून घ्यावी, नाहींतर गाडी मध्येंच खचते आणि मग दार जन्मांत नीट लागत नाहीं. एका वेळीं एकच बाजू उघडावी. कल्हईवाला जसें भांडें घांसून, नवसागर लावून स्वच्छ केल्यावांचून कथील लावीत नाहीं, तसेंच येथें आहे: चकचकीत, निरोगी धातु लागेपर्यंत मागें मागें कापीत जावें. गंजलेल्या कडेला वेल्डिंग धरीत नाहीं. धरल्यासारखें दिसलें तरी पहिल्या खड्ड्यांत सुटतें. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून नवा पत्रा कापावा. मूळ पत्र्याची जाडी निरोगी जागीं मोजून तितक्याच जाडीचा घ्यावा. २० गेजचा पत्रा सुमारें ०.९ मिलिमीटर व १८ गेजचा सुमारें १.२ मिलिमीटर जाड असतो.

खिडक्यांचे गज जोडणाऱ्याची कांडीची वेल्डिंग अशा पातळ पत्र्यास भोंकें पाडते. ०.६ मिलिमीटर तारेचें, आर्गन व कार्बन-डाय-ऑक्साइडच्या मिश्रणावर चालणारें मिग यंत्र या कामास योग्य. सलग रेघ ओढूं नये. एक टांका येथें, दुसरा हातभर अंतरावर, तिसरा त्यांच्या मध्यें, असे टांके देत व प्रत्येक वेळीं पत्रा निवूं देत पुढें जावें. नाहींतर उष्णतेनें पत्रा पापडासारखा वांकडा होतो. कारखान्यांत जेथें दोन पत्रे ठिपक्यांनीं जोडलेले होते, तेथें वरच्या पत्र्यास सुमारें ८ मिलिमीटरचीं भोंकें पाडून तीं वेल्डिंगनें भरावीं. लांबी, फायबर अथवा रिवेट मारलेला पत्रा यांस सांगाड्यांत स्थान नाहीं. वरून रंग दिला कीं दोष दिसत नाहीं खरा. पण गाडी विकली तर घेणारा फसतो, आणि न विकली तर आपणच फसतों.

शेवटीं रक्षण. न कापलेल्या भागावर जो वरवरचा गंज राहतो, त्यास फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असलेलें द्रव्य लावतात. टॅनिक आम्ल लोखंडाशीं मिळून काळा थर बनवितें. हिरड्याच्या काढ्यांत लोखंड घालून पूर्वीं काळी शाई करीत, तीही याच गुणामुळें. मात्र सडून पातळ झालेल्या पत्र्यास या द्रव्यानें बळ येत नाहीं. सांध्यांत जस्ताचा प्रायमर, सांध्यांवर लवचीक लुकण, त्यावर रंग, आणि सर्व वाळल्यावर पोकळ भागांत लांब नळीनें पातळ मेण फवारावें. निथळण्याचीं भोंकें बुजली नाहींत ना, हें तारेनें पाहावें.

कामाच्या प्रत्येक टप्प्याचीं छायाचित्रें जपून ठेवावीं. खासगी गाडीच्या नोंदणीस १५ वर्षें झालीं म्हणजे नूतनीकरणासाठीं गाडी तपासणीस न्यावी लागते, तेथें काय केलें हें सांगतां येतें. २०२१ सालीं केंद्र सरकारनें ५० वर्षांवरील गाड्यांसाठीं जे नियम केले, त्यांत सांगाडा व बॉडी मूळ स्वरूपांत असण्याची अट आहे. म्हणून सोयीसाठीं आकार बदलूं नये, मूळ बांधणीच पुन्हां उभी करावी.

हें काम कोरड्या ऋतूंतलें. मार्गशीर्षांत आरंभ करून वैशाखाअखेर तें संपवावें, आणि पुढें दरवर्षीं खंडेनवमीस, पाऊस ओसरल्यावर, गाडीला झेंडूची माळ घालण्यापूर्वीं घरांतील तरुणांनीं एकदां दिवा घेऊन तिच्याखालीं पाहावें. ज्या हत्यारांची त्या दिवशीं पूजा करावयाची, तीं त्यापूर्वीं घटकाभर गाडीच्या कामीं आलीं, तर पूजेंत कांहीं उणें पडणार नाहीं.