कोकणच्या खाड्यांत परक्या जाती सुटू नयेत यासाठी निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मत्स्यशेतीतून परदेशी जाती खुल्या पाण्यात जाण्यास प्रतिबंध करणेबाबत

महोदय,

आम्ही मूळचे सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे, नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये राहतो. कोकणच्या खाड्यांत बचतगटांच्या महिला कालवपालन करू लागल्या, याचा आम्हाला अभिमान आहे. ही शेती वाढताना लवकर वाढणाऱ्या परदेशी बीजाचा आग्रह कधीतरी होईलच. म्हणून इथल्या झीलंड प्रांतात काय घडले, ते आपल्यापुढे ठेवतो.

१९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ऑस्टरस्केल्डे खाडीतली बहुतेक स्थानिक चपटी कालवे मेली. येर्सेके गावच्या कालव-उत्पादकांनी १९६४ पासून जपानी कालव आणले. एवढ्या थंड पाण्यात त्याची वीण होणारच नाही, असे तेव्हा धरून चालले होते. पण १९७५ आणि १९७६ चे उन्हाळे उष्ण गेले, त्याची पिल्ले खाडीभर रुजली आणि पुढे ते वाडन समुद्रातही पोचले. ओहोटीला पक्षी जिथे किडे-शिंपले टिपत, त्या चिखलावर आता अनेक ठिकाणी धारदार कालवांचे थर आहेत. २००७ मध्ये ऑस्टरस्केल्डेत कालवांना भोक पाडून खाणारी जपानी गोगलगायही सापडली. त्याच वर्षी युरोपीय संघाने परक्या जातींच्या शेतीसाठी परवाना, जोखीम-तपासणी आणि विलगीकरणाचा नियम केला. जपानी कालवाला मात्र त्यातून बरीच सूट द्यावी लागली, कारण त्याची शेती तोवर युरोपभर रुळली होती. येर्सेकेचा धंदाही आज मुख्यतः त्याच्यावरच चालतो.

आपल्याकडे परदेशी चिलापी माशाने उजनी धरणात हेच केले आहे. कालवांच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही.

आमची मुख्य मागणी ही की खाड्यांत केवळ स्थानिक कालवांचेच बीज वापरावे. परदेशी जात प्रयोगासाठीसुद्धा खुल्या पाण्यात सोडू देऊ नये. ‘इथे वीण होणार नाही’ हे कारण परवान्यासाठी ग्राह्य धरू नये. तसेच परदेशी वनामी कोळंबीच्या तळ्यांचे बांध आणि पाणी सोडण्याच्या तोंडावरच्या जाळ्या दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्यक्ष तपासाव्यात. आफ्रिकन मांगूर माशावर केंद्राची बंदी २००० सालापासून आहे, तरी चोरटी तळी सापडतात. तेव्हा कारवाई तळ्यापाशी न थांबता बीज पुरवणाऱ्यांपर्यंत जावी. नष्ट केलेले मासे नदी-ओढ्यात जाणार नाहीत, हेही पाहावे.

या मागण्यांवर काय निर्णय झाला, ते लेखी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
नेदरलँड्सस्थित कोकणवासी मराठी कुटुंबे