मऊ क्लच आणि वीस सेकंदांचं निदान

गेल्या महिन्यात गाडीचा क्लच मऊ पडला. दाबला की लोण्यात बोट घातल्यासारखा खाली जायचा आणि वर येताना मात्र सरकारी फायलीसारखा रमतगमत. पहिला गिअर टाकताना कुरकुर, रिव्हर्स तर शेजारपाजारच्यांना उठवूनच पडायचा. शनिवारी सकाळी उठून सर्व्हिस सेंटर गाठलं. (नाव मुद्दाम देत नाही. नाटक सगळीकडे तेच, फक्त पडद्याचा रंग वेगळा.) इस्त्रीच्या शर्टातल्या ॲडव्हायझरने एकदा पेडल दाबलं आणि निकाल दिला, "सर, क्लच गेला. पूर्ण सेट बदलावा लागेल."

सेट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, वर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी आणि त्या सगळ्यावर जीएसटी. १८,५०० रुपये. निदानाला लागलेला वेळ फार तर वीस सेकंद. बॉनेट उघडलंसुद्धा नव्हतं!

मी विचारलं, "ऑइलची लेव्हल बघितली का?"

"ते वर्कशॉपमध्ये बघतील सर. पण सेट तर लागणारच."

हा जो "लागणारच" आहे ना, माझं भांडण त्याच्याशी आहे.

आता जरा बेसिक. (ज्यांना माहिती आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.) मारुती ८०० मध्ये क्लचला साधी केबल असायची. हायड्रॉलिक क्लचमध्ये केबलच्या जागी द्रव असतो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तो द्रव पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलतो, स्लेव्ह पुढे फोर्कला ढकलतो, फोर्क बेअरिंगला, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटला. शाळेत घोकलेला पास्कलचा नियम तो हाच. द्रव दबत नाही म्हणून पायाचा जोर पलीकडे जसाच्या तसा पोचतो. हवा मात्र दबते. त्यामुळे पाइपात हवा शिरली, कुठे गळती लागली किंवा एखादं सील खराब झालं, की पाय खाली जातो पण क्लच सुटत नाही. मग गिअर पडताना आरडाओरडा.

मला सांगा, यात क्लच प्लेट कुठे आली?

प्लेट झिजल्याचं लक्षण वेगळंच असतं. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा पळतो आणि गाडी जागच्या जागी रेंगाळते. चढावर तर लगेच कळतं. क्लच पार वर आल्यावर पकडतो, पेडल बहुतेक वेळा जडच लागतं. म्हणजे झिजलेल्या प्लेटचा क्लच धरत नाही आणि माझ्या गाडीचा क्लच सोडत नव्हता. पाय दुखतोय म्हणून दात काढायला निघालेल्या डॉक्टरला आपण काय म्हणू? आणि इथे मात्र निमूटपणे कार्ड स्वाइप करतो. (प्रेशर प्लेट मोडली तरी क्लच सुटत नाही, हे खरं. पण ती शक्यता सगळं बाहेरचं तपासून झाल्यावरची.)

बाहेरचं तपासायला काय लागतं? पाच मिनिटं आणि एक टॉर्च. मी तिथल्याच पार्किंगमध्ये सुरू केलं. बॉनेट उघडलं. आमच्या गाडीत ब्रेक आणि क्लच दोघांचं ऑइल एकाच डब्यातून जातं. लेव्हल मिनिममच्या वर, पण ऑइल कोऱ्या चहासारखं काळं. स्लेव्हचं रबरी टोपण जरा मागे सारून बघितलं, कोरडं. आत डॅशबोर्डखाली डोकं घालून पेडलच्या वरच्या बाजूला बोट फिरवलं, तेही कोरडं. म्हणजे बाहेर कुठे गळत नव्हतं. मग इंजिन बंद ठेवून पेडल भराभर चार-पाच वेळा दाबलं, तर जरा कडक झालं. आणि आता गंमत बघा. झटकन दाबलं तर क्लच सुटायचा, हळूहळू दाबलं तर पाय सरळ तळाला. सिग्नलला पेडल दाबून धरलं की गाडी हळूच पुढे सरकायला लागते हे आधीपासून जाणवत होतंच, पण मी ते उताराच्या नावावर खपवलं होतं. चूक माझी.

याचा अर्थ मास्टर सिलिंडरचं आतलं सील गेलं. हळू दाबलं की द्रव पुढे जायच्या ऐवजी सीलच्या कडेने मागे निसटतो, म्हणून बाहेर थेंबही दिसत नाही. पेडल परत येतानाच अडकत असेल तर अजून एक-दोन संशयित असतात, आतून फुगलेला रबरी होज, जो द्रव पुढे जाऊ देतो पण मागे सोडत नाही, किंवा नुसता पेडलचा कोरडा पडलेला बुश. त्याला ग्रीस पुरतं!

गाडी तशीच बाहेर काढली आणि आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी दोन वेळा हळू, दोन वेळा जोरात दाबून बघितलं आणि म्हणाले, "मास्टर बसलाय." नवा मास्टर सिलिंडर, नवं डॉट ४ ऑइल, मग मी पेडल दाबतोय आणि ते खालून निपल सोडून एअर काढतायत. बुडबुडे थांबेपर्यंत. निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत, एवढं एकच पथ्य. सगळं मिळून ३,२०० रुपये.

ऑफिसात हे सांगितलं तर मित्र म्हणतो, "अरे, पण एवढा वेळ कुणाकडे आहे? सेट बदलला की टेन्शन संपलं." इथेच तर घोळ आहे! टेन्शन संपत नाही. सेट बदलताना ते एअर काढतात, त्याने काही दिवस पेडल छान लागतं, आणि मग तेच फाटकं सील पुन्हा रंग दाखवतं. कदाचित खंडाळ्याच्या घाटात, मागे ट्रक असताना. मेमरी लीकवर रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करणारा पोरगा आपल्याला टीममध्ये नको असतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपणच म्हणतो, "आपल्याला बाबा गाडीतलं काही कळत नाही," आणि तेही जरा कौतुकाने.

एका बाबतीत त्यांची बाजू बरोबर आहे. काही गाड्यांमध्ये स्लेव्ह सिलिंडर बेअरिंगसकट गिअरबॉक्सच्या आत बसवलेला असतो. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही, आणि एवढं उतरवलंच आहे तर जुनी प्लेट बदलून टाकणं शहाणपणाचंच. पण मग तसं सांगा ना! काय गळतंय ते दाखवा. तपासणीचे वेगळे पाचशे रुपये लावा, मी आनंदाने देईन. निदानाची किंमत बिलात कुठेच नसते, पार्ट्सची असते, म्हणून निदान कुणी करतच नाही.

आणि ते काळं ऑइल. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून बहुतेक कंपन्या दोन-तीन वर्षांनी बदलायला सांगतात. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. आमच्या गाडीत हेच ऑइल ब्रेकलाही जातं, आणि घाट उतरताना ब्रेक किती तापतात ते सांगायला नको. माझ्या मागच्या तिन्ही सर्व्हिसिंगच्या कागदांवर "ब्रेक फ्लुइड" समोर टिकमार्क आहे. तिन्ही. छान, निळ्या पेनाने.

सोमवारी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. सेटचं काय ठरलं म्हणून. मी म्हटलं, मास्टर सिलिंडर बदलला, गाडी ठीक आहे. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "हरकत नाही सर. दिवाळीत सेटवर ऑफर येईल, तेव्हा करून घेऊ."