दांडी हलली!

आम्ही कर्जत-खालापूरकडची माणसे लटकण्यात तरबेज. मुंबईची लोकल दोन दोन तास धरून उभे राहायचे, तर मनगटात जोर हवाच! तरीही, वाचकहो, एका आडव्या दांडीपुढे माझी फजिती झाली. पन्नास वर्षे दडवलेली ती गोष्ट आज फराळाच्या ताटाबरोबर तुमच्यापुढे ठेवतो.

तालमीतल्या या दांडीला आपण ‘सिंगल बार’ म्हणतो. १८११ साली यान नावाच्या मास्तरांनी बर्लिनला उघड्यावर व्यायामाचे मैदान काढले, तिथून तिचा प्रसार झाला. स्पर्धेतली दांडी पोलादाची, जाडी २८ मिलिमीटर, जमिनीपासून उंची २ मीटर ८०. आपल्या मल्लखांबाला मांड्यांचा विळखा घालता येतो. इथे आधार फक्त दोन पंजांचा. पूर्ण फेरा घेताना खालच्या टोकाला अंगाच्या वजनाच्या तिप्पट-चौपट ओढ बसते. म्हणून अंगठ्याने दांडीला खालून वेढा घालायचा, हा पहिला धडा.

आमच्या आळीत दोन लाकडी खांबांना लोखंडी नळ ठोकून दांडी केली होती. माझा एक सोबती, अंगाने काडी, हाताला राख चोळून तिच्यावर भिंगरीसारखा फिरे. मी मात्र झोका उंच गेला की डोळे मिटून घेई. एके दिवशी भीतीने हात सोडून दिले. मनगट मोडले. घरी विचारणा झाली, तेव्हा मी कण्हत म्हणालो, “दांडी हलली!”

दुसऱ्याच दिवशी वडीलधाऱ्यांनी खांब उपटले. पुन्हा ते कधी उभे राहिले नाहीत. माझे मनगट दीड महिन्यात सांधले. सोबत्याचा खेळ मात्र कायमचा संपला.

२०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या झोंडरलँडने लागोपाठ तीनदा दांडी सोडून हवेत उसळी घेतली, तीनदा ती पुन्हा पकडली आणि सुवर्णपदक नेले. ते पाहताना माझ्या तळव्यांना घाम फुटला. त्याने पकडण्यासाठी सोडली होती, मी पळण्यासाठी.

गेल्या दिवाळीत कर्जत स्टेशनावर सोबती भेटला. म्हटले, आज सांगूनच टाकावे.

“अरे, त्या दिवशी दांडी हलली नव्हती.”

तो हसला. “ठाऊक आहे. ते खांब मीच पुरले होते.”