हिऱ्याचा सेन्सर बलूनमधून ३० किलोमीटरवर: विद्यार्थ्यांपुढचं खरं आव्हान काय?

हिरा म्हटलं की खान्देशात सुरत आठवतं. शिंदखेड्याहून रेल्वेने थेट सुरत गाठता येतं, आणि इथली कितीतरी कुटुंबं कामासाठी तिकडेच गेली आहेत. बाजारात हिऱ्यात दोष निघाला की भाव पडतो. विज्ञानात मात्र अशाच एका दोषाला मोल आहे, कारण तो चुंबकीय क्षेत्र मोजतो.

बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी यावर 'ऑस्कर-क्यूब' नावाचं छोटं उपकरण बनवलं. २०२१ मध्ये ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलं. असा सेन्सर बलूनमधून वर न्यायचा तर काय लागेल? आणि शिंदखेड्याला त्याचं काय?

हिरा चुंबकत्व कसं मोजतो?

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी. त्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, की त्याला 'एनव्ही सेंटर' म्हणतात. त्यावर हिरवा लेझर टाकला की लाल उजेड मिळतो. २.८७ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या की तो मंदावतो. चुंबकीय क्षेत्रात मात्र तो दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींना मंदावतो. एका मायक्रोटेस्लामागे प्रत्येक फ्रिक्वेन्सी सुमारे २८ किलोहर्ट्झ सरकते.

मग अडचण कुठे?

खान्देशात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४० ते ४५ मायक्रोटेस्ला आहे. ३० किलोमीटरवर ते सुमारे दीड टक्क्याने घटतं. म्हणजे फ्रिक्वेन्सी जेमतेम १७ किलोहर्ट्झ सरकणार. पण हिऱ्याचं तापमान एका अंशाने बदललं तरी ती सुमारे ७४ किलोहर्ट्झ सरकते! आणि वाटेत बाहेरची हवा उणे ७० अंशांच्या आसपास असते.

यावर उपाय आहे. तापमानामुळे दोन्ही फ्रिक्वेन्सी एकाच दिशेने सरकतात, चुंबकत्वामुळे विरुद्ध दिशांना. म्हणून दोघींमधला फरक मोजायचा. बलूनखाली पेटी झुलते, तेही सांभाळता येतं. हिऱ्यात एनव्ही सेंटर चार दिशांना असतात. चारही मोजले की पेटी कशीही वळली तरी चालतं.

शिंदखेड्याला काय उपयोग?

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिंदखेडाही होता. नंदुरबार-धुळे पट्ट्यात जमिनीखाली बेसाल्टच्या उभ्या भिंती आहेत. त्यांना 'डाइक' म्हणतात. त्या काही ठिकाणी भूजल अडवतात, आणि चुंबकीय मोजणीतून त्यांचा माग काढता येतो. सेन्सर पाणी दाखवत नाही, खडक दाखवतो. हे काम आज जुन्या प्रकारचे मॅग्नेटोमीटरही करतात. पण हलका, दिशाही सांगणारा सेन्सर ड्रोनवर बसवता आला तर मोठं क्षेत्र लवकर तपासता येईल.

आपल्याकडे काय चाललंय?

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यात क्वांटम सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. प्रा. कस्तुरी साहा यांचा गट तिथे हिऱ्यातल्या याच दोषावर काम करतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची बलून सुविधा हैदराबादला आहे.

म्हणजे सेन्सर आणि बलून, दोन्हींचे जाणकार देशात आहेत. तालुक्याच्या कॉलेजला सुरुवात बलूनपासून करायची गरज नाही. टेबलावर हिरा तापवायचा, थंड करायचा आणि चुंबकाचं माप तरीही तेच येतं का, हे पाहायचं. ते जमलं, की मगच आकाश.