आधी टिका, मग कमवा : क्रिप्टो ट्रेडिंग आणि शिस्तीचा धडा

इंग्रजीत 'डूलाली' असा एक शब्द आहे. अर्थ, डोकं फिरलेला. तो आपल्या देवळालीवरूनच पडला. ब्रिटिश काळात मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथल्या छावणीत थांबत. जहाजं वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच सुटायची. हाताला काम नाही, वरून उकाडा आणि आजार. कित्येकांचं डोकं ठिकाणावर राहत नसे. त्याला 'डूलाली टॅप' म्हणत. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप!

ही गोष्ट आठवली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला. बहिणीच्या फीसाठी ठेवलेले ८० हजार त्याने क्रिप्टो फ्युचर्समध्ये दहापट उधारीवर लावले होते. म्हणजे सौदा ८ लाखांचा. भाव दहा टक्के खाली आला आणि रात्रीत खातं रिकामं. मला म्हणाला, "सर, अजून ५० हजार मिळाले तर भरून काढतो."

मी त्याला रागावलो नाही. वही काढायला सांगितली.

१०० रुपयांचे ८० झाले तर मूळ पदावर यायला २५ टक्के कमवावे लागतात. ५० झाले तर १०० टक्के. १० उरले तर ९०० टक्के! तोटा वाढतो तशी चढण अशी उभी होत जाते. म्हणून पहिला धडा कमाईचा नाही, टिकण्याचा.

दुसरं गणित. ५० हजारांचं भांडवल आहे. प्रत्येक सौद्यात उरलेल्या रकमेच्या २ टक्केच धोका घेतला आणि लागोपाठ दहा सौदे चुकले, तरी सुमारे ४० हजार ८०० उरतात. २५ टक्के धोका घेतला तर उरतात जेमतेम २ हजार ८००. माणूस तोच, चुका तेवढ्याच. फरक फक्त शिस्तीचा. स्टॉप लॉस सौद्याआधी ठरवायचा आणि भाव खाली आला म्हणून तो आणखी खाली सरकवायचा नाही, ही ती शिस्त.

बाजार काय करू शकतो तेही पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास होता, वर्षभरात तो १६ हजारांच्या आसपास आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे जगातलं बडं एक्स्चेंज दिवाळखोरीत गेलं. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडच्या वझीरएक्सवरून २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकले. भावाचा अंदाज बरोबर असूनही पैसा जाऊ शकतो तो असा. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका.

आणि 'दरमहा १० टक्के नक्की' म्हणणारा भेटला तर तिथूनच मागे फिरा. गेनबिटकॉइनने हेच आश्वासन दिलं होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच्या म्होरक्याला अटक केली, तोवर हजारो लोकांचे पैसे अडकले होते.

कराचंही लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एकात १० हजार मिळवले, दुसऱ्यात १० हजार घालवले, हाती शून्य. तरी कर ३ हजार, वर उपकर. म्हणून उगाच दिवसाला दहा सौदे करणं म्हणजे आपणहून खड्डा खणणं.

माझं मत स्पष्ट आहे. फीचे, औषधाचे, उसनवारीचे पैसे या बाजारात एक रुपयाही नको. उधारीवरचा सौदा तर नकोच. करायचंच असेल तर गेले तरी घर चालेल एवढेच पैसे घ्या, प्रत्येक सौदा का केला ते वहीत लिहा, आणि संधी नसेल त्या दिवशी गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड. त्या शिपायांनाही तेच जमलं नव्हतं.

तो मुलगा त्या दिवशी ५० हजार शोधायला गेला नाही. घरी गेला आणि वडिलांना खरं सांगितलं. फी आता तो पगारातून हप्त्याने भरतोय. माझ्या मते त्याचा पहिला शिस्तीचा सौदा तोच.